अमेरिकेत बंदुकीचा हक्क: काढून घ्यायचा तर कुणाचा, कसा आणि किती काळ?

अमेरिकेत एखाद्या शाळेत किंवा चर्चमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे हमखास एक प्रश्न विचारला जातो: एवढी माणसं मरतात, तरी हे लोक बंदुकांवर बंदी का घालत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असतं: बंदूक कंपन्यांचा पैसा आणि त्यांची लॉबी. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. लॉबी उद्या गाशा गुंडाळून गेली तरी सरसकट बंदी येणार नाही, कारण आडवी येते ती तिथली राज्यघटना. शिवाय बंदी हवी की नको हा वाद टीव्हीवर कितीही रंगला, तरी कोर्टात वकील भांडतात ते वेगळ्याच गोष्टींवर. या अमुक माणसाच्या हातातली बंदूक काढून घ्यायची का? ते ठरवायचं कुणी, कोणत्या पुराव्यावर? आणि ती परत कधी द्यायची? हक्क आणि सुरक्षितता यांचा मेळ बसतो की फिसकटतो, ते या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं.

## एका वाक्याची घटनादुरुस्ती

अमेरिकेच्या घटनेला १७९१ मध्ये एकदम दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांतली दुसरी अवघ्या एका वाक्याची आहे. त्या वाक्याचा पूर्वार्ध म्हणतो की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया गरजेची आहे. उत्तरार्ध म्हणतो की शस्त्रं बाळगण्याच्या आणि वागवण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येता कामा नये. मिलिशिया म्हणजे वेळ आली की शस्त्र घेऊन हजर होणाऱ्या सामान्य नागरिकांची फौज. ब्रिटिश राजाच्या सैन्याशी नुकतेच लढून मोकळे झालेल्या त्या लोकांना कायमस्वरूपी सरकारी सैन्याची धास्ती होती, म्हणून ही तरतूद.

पुढे मिलिशिया इतिहासजमा झाली आणि वाक्य मागे उरलं. मग हा हक्क फक्त त्या फौजेपुरता होता, की एकेका माणसाचा आहे? आश्चर्य म्हणजे या प्रश्नाचा स्वच्छ निकाल लागायला दोनशेहून अधिक वर्षं गेली. १९३९ मध्ये नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनचा एक खटला सुप्रीम कोर्टात आला. असल्या बंदुकीचा मिलिशियाशी संबंध असल्याचं कुणी दाखवलेलं नाही, एवढं म्हणून कोर्टाने विषय मिटवला.

निकाल लागला तो २००८ मध्ये. वॉशिंग्टन शहरात १९७६ पासून पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी होती. डिक हेलर हे तिथले एक सुरक्षारक्षक. दिवसभर सरकारी इमारतीत कमरेला पिस्तूल लावून पहारा द्यायचे, पण तसंच पिस्तूल स्वतःच्या घरात ठेवायला त्यांना मनाई. त्यांनी कोर्टात धाव घेतली आणि पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलं. दोन वर्षांनी शिकागोच्या खटल्यात कोर्टाने हाच नियम राज्यांना आणि शहरांनाही लावला.

हेलर निकालाचा एक भाग मात्र बंदूकप्रेमी सोयीस्करपणे विसरतात. हा हक्क अमर्याद नाही, असं त्याच निकालात स्कॅलियांनी लिहून ठेवलं आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना आणि मनोरुग्णांना बंदूक नाकारणं, शाळा आणि सरकारी इमारतींत बंदूक नेण्यास मनाई करणं, विक्रीवर अटी घालणं, हे सगळं चालेल. म्हणजे सरसकट बंदीचं दार कोर्टाने लावलं, पण निर्बंधांचं उघडं ठेवलं.

## ‘गाडी चालवायला लायसन्स लागतं, मग बंदुकीला का नको?’

हा युक्तिवाद सगळेच करतात, आणि फरक समजून घ्यायला तो खरंच कामाचा आहे. गाडी चालवणं ही सरकारने दिलेली परवानगी असते. अर्ज तुम्ही करायचा, लायकी तुम्ही सिद्ध करायची, आणि नापास झालात तर घरी जायचं. घटनेतल्या हक्काचं गणित उलटं असतं. तो आधीपासूनच तुमचा असतो आणि तो रोखायचा असेल तर कारण सरकारने द्यायचं असतं. सिद्ध करण्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे, हा इथला मुद्दा. म्हणूनच अमेरिकेत रस्त्यावर गाडी आणायची तर लायसन्स लागतंच, पण २९ राज्यांत सज्ञान माणसाला कपड्याखाली पिस्तूल लपवून फिरायला परवाना लागत नाही.

मग घटनाच बदला, असं कुणी म्हणेल. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं लागतात आणि वर तीनचतुर्थांश राज्यांची मंजुरी. म्हणजे ५० पैकी ३८ राज्यं. तेरा राज्यांनी मान हलवली नाही की खेळ खलास. परवान्याशिवाय पिस्तूल लपवून नेऊ देणारी राज्यं २९ आहेत, हे ध्यानात घेतलं की दुसरी दुरुस्ती रद्द होण्याची शक्यता किती, ते वेगळं सांगायला नको.

## दुकानात नेमकं काय होतं

कायदेच नाहीत अशी समजूत असेल तर तीही चुकीची. मशीनगनवर १९३४ पासून जबर कर आणि नोंदणी आहे, आणि १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य माणसाला विकत घेताच येत नाही. १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, त्या वर्षी मोठा कायदा आला आणि बंदूक कुणाला द्यायची नाही याची यादी ठरली. ती यादी तपासायची सोय झाली १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने.

आज परवानाधारक दुकानात गेलात तर दुकानदार तुमच्यापुढे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म ठेवतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? अमली पदार्थ घेता का? घरगुती हिंसेवरून कोर्टाचा मनाई आदेश आहे का? मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलं होतं का? हो-नाही अशा खुणा करायच्या, सही करायची. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो. बहुतेकदा काही मिनिटांत ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं उत्तर येतं. कधी कधी ‘थांबा’ असंही येतं. पण तीन कामाच्या दिवसांत पक्कं उत्तर आलं नाही, तर दुकानदार कायद्याने बंदूक विकू शकतो. दिरंगाई सरकारची, तर तिचा भुर्दंड हक्क असलेल्याने का सोसायचा, हा त्यामागचा विचार. ऐकायला न्याय्य वाटतं. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना ज्याने मारलं, त्याने पिस्तूल याच फटीतून मिळवलं होतं. ते नाकारायला पुरेशी नोंद पोलिसांच्या कागदांत होती, ती तपासणाऱ्यांच्या हाती वेळेत पडली नाही.

आणखी एक मोठी फट आहे. ही तपासणी केंद्राच्या कायद्याने फक्त परवानाधारक विक्रेत्यांना सक्तीची आहे. एकाने आपली जुनी रायफल दुसऱ्याला खासगीत विकली तर फॉर्म नाही आणि फोनही नाही. काही राज्यांनी आपापले कायदे करून ही फट बुजवली आहे, बाकीच्यांनी नाही.

सगळ्यांत अजब प्रकार वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गमध्ये चालतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारं सरकारी केंद्र तिथे आहे. कुणाकडे कोणती बंदूक आहे याची मध्यवर्ती यादी करायला केंद्र सरकारला १९८६ च्या कायद्याने मनाई केली आहे. त्यामुळे माग काढायचा तर आधी कंपनीला विचारा, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला, आणि तो आपली कपाटं उघडून जुना फॉर्म शोधणार. बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोकी भरभरून मार्टिन्सबर्गला येतात. ते स्कॅन होतात, पण नाव टाकून शोधता येईल असे ठेवायचे नाहीत. कर्मचारी एकेक पान डोळ्यांखालून घालतात. हा गलथानपणा वाटेल, पण ही व्यवस्था ठरवून संथ ठेवलेली आहे. आज यादी झाली की उद्या जप्ती येईल, ही भीती कायद्यात उतरली की ती अशी दिसते. मला हे हास्यास्पद वाटतं, पण ही भीती नुसती हवेतली नाही.

## बंदूक बाळगणाऱ्यांचं म्हणणं

कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात १९९९ मध्ये एका आईकडे विभक्त पतीविरुद्ध कोर्टाचा मनाई आदेश होता. तो तिच्या तीन मुलींना घेऊन गेला. आई पोलिसांना रात्रभर विनवत राहिली. पोलिसांनी काही केलं नाही, आणि तिन्ही मुलींचा खून झाला. तिने दाद मागितली, तेव्हा २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आदेशाची अंमलबजावणी पोलिसांनी केलीच पाहिजे असा घटनादत्त हक्क तिला नव्हता. आता विचार करा. तुमचं रक्षण करायला घटनेनुसार सरकार बांधील नाही, आणि स्वतःचं रक्षण करायचं साधनही सरकारच काढून घेणार. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की समोरच्याला वेडं ठरवणं अवघड जातं.

दुसरा मुद्दा वंशाचा. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकडून बंदुका काढून घेणारे कायदे केले. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बॉम्ब टाकला गेल्यावर मार्टिन लूथर किंग यांनी बंदूक बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं की मर्जी कुणावर होते, हे त्या समाजाने भोगलेलं आहे. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड वागवण्यावर बंदी आली. त्या कायद्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदूकस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून पुढे मिरवलेले तेच हे रेगन.

## कोर्टाने मोजमापच बदललं

हेलर निकालानंतर चौदा वर्षं खालची कोर्टं साधारण अशी चालत: कायदा हक्काला किती धक्का लावतो आणि त्यातून सुरक्षिततेचा किती फायदा होतो, ते समोरासमोर ठेवून बघायचं. २०२२ च्या ब्रुएन निकालाने हे बंद केलं. न्यूयॉर्कमध्ये १९१३ पासून घराबाहेर लपवून पिस्तूल नेण्यासाठी ‘विशेष कारण’ दाखवावं लागे. तो कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाला. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी नवी कसोटी घालून दिली. फायद्यातोट्याचा हिशोब करायचा नाही. निर्बंध इतिहासातल्या परंपरेत बसतो का, एवढंच पाहायचं, आणि तो बसतो हे सरकारने दाखवायचं.

मग न्यायाधीशांना अठराव्या शतकातली कायद्याची पुस्तकं धुंडाळावी लागली. टेक्सासमधल्या रहिमी नावाच्या माणसाचं प्रकरण यातून उभं राहिलं. त्याने मैत्रिणीवर हात उचलला होता, तिला कोर्टाच्या मनाई आदेशाने संरक्षण मिळालं होतं, आणि तरी त्याच्या घरात बंदुका सापडल्या. असा आदेश असलेल्याला बंदूक बाळगता येत नाही, हा केंद्राचा कायदा. खालच्या अपील कोर्टाने तो रद्द केला, कारण जुन्या काळात असा कायदा आढळत नाही. आढळणार कसा? त्या काळी बायकोला मारहाण हा कायद्याच्या लेखी फारसा विषयच नव्हता. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वाचवला. हुबेहूब जुना कायदा सापडायची गरज नाही, तत्त्व जुळलं की पुरे, असं सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं. धमक्या देणाऱ्याकडून जामीन घेण्याची जुनी पद्धत होती, ती आधाराला घेतली. विरोधात एकटे उरले ते थॉमस, म्हणजे ज्यांनी ही कसोटी बनवली तेच.

माझ्या मते ब्रुएनची कसोटी फसवी आहे. कोणतं जुनं उदाहरण ‘पुरेसं जवळचं’ मानायचं, हे ठरवताना न्यायाधीश फायदातोटा बघतातच. फक्त आता ते उघडपणे लिहीत नाहीत.

## सुरक्षितता नेमकी कुणाची?

बातम्यांमुळे आपल्या डोळ्यांपुढे येतो तो शाळेत घुसलेला बंदूकधारी. आकडे वेगळं सांगतात. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यांतल्या २७,००० हून अधिक आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारात मेलेल्यांचा वाटा एकूण आकड्यात अगदी थोडा आहे. खुनांतही लष्करी धाटणीच्या रायफलींपेक्षा साधी पिस्तुलंच कितीतरी जास्त वापरली जातात.

‘ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल’ हे इथलं ठरलेलं उत्तर. संशोधन त्याच्या विरुद्ध बोलतं. आत्महत्येची उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते. गोळ्या-औषधं जास्त घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदुकीने प्रयत्न करणाऱ्यांपैकी दहातले जवळपास नऊ वाचत नाहीत. दुसरी संधी मिळत नाही. घरात, हाताशी, भरलेलं पिस्तूल असावं हा हेलर निकालाने जपलेला हक्क, आणि सर्वाधिक मृत्यूही त्याच पिस्तुलाने. ‘माझा हक्क विरुद्ध इतरांची सुरक्षितता’ अशी मांडणी इथे तोकडी पडते, कारण धोका हक्क असलेल्या माणसालाच आणि त्याच्या घरच्यांनाच असतो.

## ‘ऑस्ट्रेलियाने केलं की!’

केलं. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर तिथे सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका सक्तीने विकत घेतल्या. पण तिथे बंदूक हा घटनेतला हक्क नव्हता. अमेरिकेत स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. त्या कुणाकडे आहेत याची यादी नाही, हे वर आलंच आहे.

## माणूस पाहून, मुदत घालून

मला त्यातल्या त्यात सरळ वाटणारी वाट म्हणजे तिथे ज्यांना ‘रेड फ्लॅग’ कायदे म्हणतात ते. सुरुवात १९९९ मध्ये कनेक्टिकटने केली. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, त्यानंतर फ्लॉरिडानेही असा कायदा केला, आणि त्यावर सही करणारा गव्हर्नर रिपब्लिकन होता. आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. २०२२ मध्ये युव्हॅल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर संसदेने दोन्ही पक्षांच्या मतांनी जो कायदा केला, त्यात अशा कायद्यांसाठी राज्यांना पैसे देण्याची सोय आहे.

पद्धत साधारण अशी. पोलीस, आणि बऱ्याच राज्यांत घरची माणसंही, न्यायाधीशापुढे शपथेवर अर्ज करतात: हा माणूस स्वतःचं किंवा दुसऱ्याचं काही बरंवाईट करेल अशी चिन्हं आहेत. न्यायाधीशाला पटलं तर काही दिवसांपुरता तातडीचा आदेश निघतो आणि बंदुका जमा होतात. दोनेक आठवड्यांत सुनावणी होते, तिथे त्या माणसाला आपली बाजू मांडता येते. आदेश कायम झाला तरी बहुधा एक वर्षापुरता. मुदत संपली की बंदुका परत.

आक्षेप उघड आहे. गुन्हा घडलेला नसताना, आधी बाजू न ऐकता हक्क काढून घ्यायचा? हा आक्षेप खरा आहे. भांडखोर नातेवाईक खोटा अर्ज करू शकतात. प्रकरण फौजदारी नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. पण मुदत, सुनावणी, पुराव्याची अट आणि खोट्या अर्जाला शिक्षा यांमुळे चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. सुटलेल्या गोळीचं तसं नसतं.

मेन राज्याने हा आक्षेप फारच मनावर घेतला होता. तिथल्या कायद्यात घरच्यांना थेट अर्ज करायची सोय नव्हती. आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घ्यायचं, मग वैद्यकीय तपासणी करायची, मग न्यायाधीशापुढे जायचं. २०२३ मध्ये लष्कराच्या राखीव दलातल्या एका माणसाची मनःस्थिती बिघडत चालली आहे, असं त्याच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. सप्टेंबरमध्ये पोलीस त्याच्या दारापर्यंत गेले. त्याने दार उघडलं नाही, ते परत फिरले. २५ ऑक्टोबरला त्याने ल्युइस्टनमध्ये एका बोलिंग केंद्रात आणि एका बारमध्ये १८ जणांना मारलं. चौकशी आयोगाने पुढे म्हटलं की त्याला ताब्यात घ्यायला पोलिसांकडे त्या कायद्याखाली पुरेसं कारण होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी सार्वमतात कौल दिला, की घरच्या माणसांना आता थेट न्यायाधीशाकडे जाता यावं.